दीड दात

मंगळवारी सकाळी सव्वादहाला खोक्यातून निघालेल्या सहा जबड्यांपैकी चौथा जबडा त्याच्या ओळखीचा निघाला. ओळखीचा म्हणजे नावगाव ठाऊक असलेला नव्हे. नावं त्याच्यापर्यंत यायचीच नाहीत. दातांच्या डॉक्टरांकडून प्लास्टरचे साचे यायचे, प्रत्येकाला रबर लावून गुंडाळलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर एक आकडा आणि काय हवं ते: वरची कवळी, खालची कवळी, डावीकडची दाढ. सव्वीस वर्षं तो हेच करत आला होता. माणसं त्याला भेटायची ती तोंडापुरती, आणि तीही प्लास्टरची, मुकी. 'आमच्या धंद्यात गिऱ्हाईक चावत नाही,' असं तो चारचौघांत म्हणायचा आणि हशा मिळवायचा. पण जबडा तो विसरत नसे. लोक चेहरे लक्षात ठेवतात, तो सुळे लक्षात ठेवायचा. आणि हा डावा सुळा, शेजाऱ्याला कोपराने ढकलून पुढे आल्यासारखा, त्याने पाहिला होता. प्लास्टरचा नाही. खरा, रक्ताने माखलेला, तीन महिन्यांपूर्वी, धुक्यात. त्याने रबर काढून चिठ्ठी उघडली. 'अपघात. वरचे पटाशीचे दोन तुटलेले. तूर्त नुसता साचा पाठवतो आहे. पेशंट गुरुवारी रंग जुळवायला स्वतः येईल.'

त्याने सगळ्यात खालचा ड्रॉवर ओढला. मेणाच्या वड्यांच्या डब्यामागे हात घालून बोटभर उंचीची काचेची बाटली काढली. बाटलीत पाणी, आणि पाण्यात दीड दात. एक जवळजवळ अख्खा, मुळाशी तिरका तुटलेला, आणि एक अर्धा. दर सोमवारी, शेजारच्या टेबलावरच्या पॉलिशवाल्या बाई चहाला गेल्या की, तो हे पाणी बदलायचा. का बदलायचा, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दात कोरडा पडला की त्याचा रंग उडतो, एवढं धंद्याचं कारण होतं खरं, पण रंग टिकवून करायचं काय होतं? चिमट्याने त्याने मोठा तुकडा उचलला, टिपून घेतला आणि साच्यातल्या खुंटावर टेकवला. टक्. बसला. केसभर फट नाही. मग अर्धा ठेवला, तोही बसला, मोठ्याच्या खांद्यावर थोडा चढून, जसा तो त्या माणसाच्या तोंडात असणार तसा. तो स्टुलावर बसला. पहिला विचार आला तो एवढाच की, जिवंत आहे. मेला नाही, साचा द्यायला तोंड उघडून बसला म्हणजे जिवंत आहे. एक श्वास आत घेऊन बाहेर सोडेपर्यंत हा आनंद टिकला. मग त्याने चिठ्ठीवरचा गुरुवार पुन्हा वाचला. "काय हो, भूत बघितलंत की काय?" पॉलिशवाल्या बाई चाक थांबवून म्हणाल्या. "नाही हो," तो म्हणाला, "भुतं बरी. ती रंग जुळवायला येत नाहीत." बाईंना वाटलं ह्याचा नेहमीचाच विनोद. त्यांनी चाक पुन्हा सुरू केलं.

आता खरं सांगायचं तर हे सगळं त्या लाल चिन्हापासून सुरू झालं. सहा वर्षांपूर्वी एका दातांच्या डॉक्टरने त्याला ते दिलं होतं, गाडीच्या पुढच्या काचेवर चिकटवायचं, डॉक्टर लोक लावतात ते लाल अधिकचं चिन्ह. "लावून टाका हो. पार्किंगला बरं पडतं. कोण विचारतंय?" आणि खरोखरच कुणी विचारलं नाही. बाजारात गाडी आडवी लावली तरी वॉचमन सलाम ठोकायचा. चौकातला पोलीस हात वर करून दुसऱ्यांना थांबवायचा आणि त्याला सोडायचा. सुरुवातीला तो बायकोकडे बघून डोळा मारायचा, जणू दोघांनी मिळून कुणाची तरी गंमत केली आहे. पुढे डोळा मारणं बंद झालं. सासूबाईंचं तर विचारूच नका. त्यांच्या तोंडात त्यानेच केलेली कवळी होती, आणि त्या कवळीनेच त्या जगाला सांगत सुटायच्या, "आमचे जावई डॉक्टर." सुरुवातीला तो म्हणाला होता, "अहो आई, मी डॉक्टर नाही. मी कवळ्या बनवतो." त्यावर त्या म्हणाल्या, "तेच ते! दातांचंच ना?" दोनदा सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. म्हातारं माणूस, कशाला मन मोडा, असं तो बायकोला म्हणाला. खोटं. त्याला ते आवडत होतं. लहानपणी वडिलांना घेऊन तो एका दवाखान्यात जायचा, तिथे लांब बाक होतं, आणि आतला दरवाजा उघडून डॉक्टर बाहेर आला की बाकावरची सगळी माणसं, आजारी, म्हातारी, लंगडी, सगळी उठून उभी राहायची. वडीलही, छातीवर हात धरून. त्याला औषधाचा वास आठवत नव्हता, वडिलांचा खोकला आठवत नव्हता, ते उठून उभं राहणं आठवत होतं. त्या पांढऱ्या कोटासाठी त्याने दोनदा परीक्षा दिली, दोनदा आपटला, आणि मग प्लास्टर कालवायला शिकला. कोट त्यालाही मिळाला म्हणा. पण तो बघून कुणी उठत नाही.

तीन महिन्यांपूर्वीचे, थंडीचे दिवस होते. मेव्हणीच्या घरी जायचं होतं, सहा तासांचा रस्ता. उजाडायच्या आधी निघू म्हणजे दुपारच्या जेवणाला पोचू, असा बेत. पुढे तो आणि बायको, मागे सासूबाई, मांडीवर गरम पाण्याची पिशवी आणि अंगावर त्यांचं ते जाड तपकिरी ब्लँकेट, ज्यातून फक्त नाक बाहेर. शहर सुटलं आणि धुकं लागलं. असं धुकं की बॉनेटचं टोक दिसेना. कडेच्या गवतावर पांढरं दव गोठलेलं, काच आतून पुसायची तर बाहेरून धुरकट, बाहेरून वायपर फिरवायचा तर आतून. "सावकाश हो," बायको म्हणत होती. "आणखी किती सावकाश? उतरून ढकलू का?" तो म्हणत होता. साडेसातच्या सुमाराला धुक्यात पिवळा दिवा लुकलुकताना दिसला. एक टेम्पो कडेला उभा, त्याच्या पलीकडे खड्ड्यात तिरकी गेलेली छोटी गाडी, तिचं एक चाक हवेत, आणि गवतावर तीन-चार माणसं वाकलेली. त्याने गाडी हळू केली, पण थांबायला नाही. हे त्याने पुढे कुणाला सांगितलं नाही, पण स्वतःला हजार वेळा सांगितलं: तो थांबणारच नव्हता. तो नुसता बघून पुढे जाणार होता, च् च् करून. पण टेम्पोवाल्याने, कानटोपी घातलेल्या आडव्या गड्याने, काचेवरचं लाल चिन्ह पाहिलं आणि दोन्ही हात पसरून सरळ गाडीच्या पुढ्यात उडी घेतली. "डॉक्टर! अरे, डॉक्टर आले!" सासूबाईंनी मागची काच खाली केली. थंड वाफ आत आली. "हो हो, डॉक्टरच आहेत आमचे. उतरा की जावईबापू! बसलात काय?" बायको त्याच्याकडे वळली. तिचं तोंड उघडलं. "अहो..." एवढंच ती म्हणाली आणि थांबली. त्या 'अहो'मध्ये सगळं होतं. सांगून टाका, असं होतं, आणि आईसमोर कसं सांगणार, हेही होतं. त्याने दार उघडलं. माणसं बाजूला झाली. वाकलेली होती ती उठून उभी राहिली.

गवतावर चाळिशीतला एक माणूस उताणा पडला होता. डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला. टेम्पोवाल्याने आपला मफलर फाडून मांडीला करकचून आवळला होता, तरी पॅन्ट काळी भिजलेली. पण त्याने आधी पाय पाहिलाच नाही. त्याने तोंड पाहिलं. माणूस घशात घुर्र घुर्र आवाज करत होता, तोंड रक्ताने भरलेलं. तो गुडघ्यावर बसला, दोन बोटं आत घातली, गालाच्या आतून फिरवली, दाताचा एक तुकडा काढला, मग दुसरा, जिभेखाली अडकलेला, आणि मान अलगद कुशीला वळवली. रक्त गवतावर वाहून गेलं आणि माणसाने खोल श्वास ओढला. एवढं त्याने बरोबर केलं. तोंडातलं त्याला कळत होतं. इथे तो उठला असता, म्हणाला असता की बाबांनो, मी डॉक्टर नाही, मी कवळ्या बनवणारा, माझं काम इथे संपलं, तर आज तो साचा त्याने नुसता टेबलावर ठेवला असता. पण मागून कुणीतरी म्हणालं, "वा! शेवटी डॉक्टर तो डॉक्टर." त्या थंडीत त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. टेम्पोवाला वाकला, माणसाच्या काखेत हात घातले. "चला साहेब, धरा. मागे गादी टाकली आहे. वीस मिनिटांत हॉस्पिटलला घालतो." आणि तो म्हणाला, "हलवू नका."

ते शब्द कुठून आले? कुठल्या तरी दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यावर वाचलेले असतील, टीव्हीवर ऐकलेले असतील. पण आले ते भारदस्त आवाजात, दरवाजा उघडून बाहेर येणाऱ्याच्या आवाजात. "कण्याला लागलं असेल. ॲम्ब्युलन्स येऊ दे." टेम्पोवाल्याने हात काढले, पण उठला नाही. "पण साहेब, पाय गार पडत चाललाय. आणि ह्या धुक्यात ती गाडी कधी यायची?" "मी सांगतोय ना," तो म्हणाला. बस्स. मी सांगतोय ना. माणूस लंगडा व्हायला एवढे तीन शब्द पुरतात. टेम्पोवाला टोपी काढून बाजूला उभा राहिला, शाळेतल्या पोरासारखा. खाली पडलेल्या माणसाने त्याची बाही धरली. "डॉक्टर," फुटक्या ओठांतून तो म्हणाला, "पाय राहील ना?" "राहील, राहील. मी आहे ना." तिथे सासूबाई उतरून आल्या, काठी टेकत, त्यांनी अंगावरचं ब्लँकेट काढलं आणि त्या माणसावर पांघरलं, गळ्यापर्यंत नीट खोचलं, आणि स्वतः कुडकुडत त्याच्या डोक्याशी बसून राहिल्या. "घाबरू नकोस रे बाळा, जावई आहेत माझे." सगळ्या सकाळीत कुणी काही उपयोगाचं केलं असेल तर ते त्या म्हातारीने आणि त्या मफलरने.

ॲम्ब्युलन्सला एक तास दहा मिनिटं लागली. एक तास दहा मिनिटं तो तिथे उभा होता, मधूनमधून नाडी धरत होता. नाडी लागत होती, पण मोजायची कशी आणि मोजून त्या आकड्याचं करायचं काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो घड्याळाकडे बघत होता, ओठ हलवत होता, आणि लोक आवाज न करता उभे होते. ॲम्ब्युलन्समधून एक सडपातळ माणूस उतरला. त्याने मफलर पाहिला, पावलाला हात लावला, नखं दाबली. "कधीपासून बांधलंय?" "सव्वा तास झाला." "सव्वा तास? टेम्पो उभा होता ना इथे? उचलून आणलं का नाही?" टेम्पोवाल्याने हनुवटीने त्याच्याकडे दाखवलं. "डॉक्टर नको म्हणाले." तो सडपातळ माणूस वळला. "तुम्ही कुठले डॉक्टर?" अगदी साधा प्रश्न होता, त्यात राग नव्हता. पण तोपर्यंत तो गाडीकडे चालायला लागला होता. पळाला नाही, चालला, हात पुसत, काम आटोपलेल्या माणसासारखा. गाडी सुरू केली तेव्हा लक्षात आलं की सासूबाई अजून बाहेरच आहेत.

पुढे रस्ताभर म्हातारीचं कौतुक थांबेना, आणि बायको आपल्या बाजूची काच पुसत राहिली. रुमाल काढायला त्याने खिशात हात घातला तेव्हा बोटांना ते टोचलं. दीड दात. सवयीने ठेवले होते, धंद्यात तुटलेला तुकडा कधी फेकायचा नसतो, जोडताना उपयोगी पडतो. मेव्हणीच्या घरी सासूबाईंनी उंबऱ्यातूनच सुरुवात केली. साडू, जो एरवी त्याला 'काय कवळीवाले' म्हणून हाक मारायचा, तो खुर्चीतून उठला. उठून उभा राहिला आणि त्याचा हात हातात घेतला. त्या दिवशी तो चार वेळा हात धुऊन आला. कवळीच्या गुलाबी पावडरीत घालतात त्या लिक्विडचा उग्र वास त्याच्या बोटांतून तसाही कधी जात नाही, साबण कोणताही असो. शहरात परतल्यावर त्याने पहिल्याच सकाळी मेणाच्या सुरीने काचेवरचं चिन्ह खरवडून काढलं. चिन्ह गेलं, गोंद राहिला, आणि गोंदावर धूळ बसून तीच आकृती पुन्हा उमटली, लाल नाही, मळकट. दव पडलं की जास्तच दिसायची.

चार दिवसांनी, कपड्यांच्या घड्या घालता घालता, बायकोने विचारलं, "ते तुम्ही हलवू नका म्हणालात, ते बरोबर होतं का हो?" "बरोबरच असतं ते. कुणालाही विचार." त्याने स्वतः विचारलं होतं, एका दातांच्या डॉक्टरला, सहज विचारल्यासारखं, साचे देता देता. "बरोबर आहे की," तो म्हणाला होता, "पाठीला मार असेल तर हलवू नयेच. रक्त थांबत नसेल, पाय गार पडत असेल, तर मग थांबून चालत नाही. का हो?" "काही नाही, टीव्हीवर होतं." म्हणजे अर्धं बरोबर होतं. अर्ध्या बरोबरने त्याला काही दिवस आधार दिला. पण रात्रंदिवस त्याच्या मनात जे चालायचं ते बरोबर-चुकीचं नव्हतंच. बरोबर असतं तरी ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक नसताना तो बोलला होता, कारण माणसं उठून उभी राहिली होती. हॉस्पिटलचा नंबर त्याने शोधून काढला होता, एका जुन्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहून ठेवला होता. तीनदा फोन लावला, तीनदा पलीकडून "हॅलो" ऐकू आलं आणि तीनदा ठेवला. 'पेशंट कसे आहेत' विचारायचं म्हणजे 'आपण कोण बोलताय' ऐकायचं. मेला असेल तर? जगला असेल आणि तसाच असेल तर? न कळलेलं बरं, असं ठरवून तो दर सोमवारी बाटलीतलं पाणी बदलत राहिला.

बुधवारचा दिवस त्याने पळवाटा शोधण्यात घालवला. साचा दुसऱ्या कारागिराकडे पाठवून द्यावा. ताप आला म्हणून सांगावं. पॉलिशवाल्या बाईंना रंगांची पट्टी देऊन बसवावं, त्यांची नजर चांगली आहे. आणि ओळखेल कशाला तो? धुकं होतं, तो अर्धवट शुद्धीत, डोळ्यांत रक्त उतरलेलं. रात्री जेवताना तो बायकोला म्हणाला, "तो माणूस जिवंत आहे." कुठला माणूस, असं तिने विचारलं नाही. तीन महिने तीही त्याच माणसाबरोबर राहत होती. तिने घास खाली ठेवला. "मग आता?" "उद्या येणार आहे. माझ्याकडेच." तिने पाण्याचं भांडं बाजूला सरकवलं. "मी त्या दिवशी बोलायला हवं होतं," ती म्हणाली. "तू कशाला?" "मला ठाऊक होतं म्हणून." त्याला भयंकर लाज वाटली. स्वतःची वाटायचीच, पण आपल्या वाटणीची लाज बायकोच्या ताटात जाऊन पडली आहे आणि ती मुकाट्याने गिळते आहे, ह्याची जास्त वाटली.

गुरुवारी अकरा वाजता जिना वाजला. त्याची खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, शेवटच्या वळणापासून एकोणीस पायऱ्या. आधी दोन ठक, मग एक पाऊल. दोन ठक, एक पाऊल. डावं पाऊल यायची तो वाट बघत राहिला. शेवटी दार ढकलून माणूस आत आला तेव्हा घामाने डबडबलेला होता, दोन्ही काखांत कुबड्या, डाव्या पायाची पॅन्ट गुडघ्यापाशी दुमडून पिनेने टाचलेली. पिना सारख्या अंतरावर, काळजीने लावलेल्या. मागोमाग त्याची बायको, हातात पिशवी. "बसा, बसा," तो म्हणाला आणि म्हणता म्हणता स्वतःच उठून उभा राहिला. माणूस हसला, हसताना ओठ मिटूनच. दोन खुंटांची त्याला लाज वाटत असावी. "उतरताना काही नाही हो, चढतानाच जीव जातो. नवा पाय मिळेल दोन महिन्यांत. पण आधी दात करून घ्या, असं ही म्हणाली. हसत नाही तुम्ही, म्हणाली." "मग? माणूस वाचला म्हणजे हसायला नको?" बाई म्हणाल्या. बोलक्या होत्या. त्याने विचारलंही नाही, तरी त्यांनी सगळं सांगितलं. धुकं, घसरलेली गाडी, खड्डा. "आणि देवासारखा एक डॉक्टर आला बघा. वाटेने चाललेला, कुणाचा कोण. तोंडातलं रक्त काढलं नसतं तर हे तिथेच गुदमरले असते. हॉस्पिटलातले म्हणतात, लवकर आणलं असतं तर पाय वाचवता आला असता. पण मी म्हणते, त्या डॉक्टरने हलवू दिलं नाही म्हणून कणा तरी वाचला. नाहीतर आज अंथरुणाला खिळले असते. मोठा डॉक्टर असणार. उगाच का म्हणाला असेल?" त्यांनी पिशवीतून एका तपकिरी ब्लँकेटचं टोक बाहेर काढून दाखवलं. "हे त्यांच्या सासूबाईंचं. धुऊन ठेवलंय. दवाखान्यात जाईन तिथे बरोबर नेते, न जाणो, भेटले तर." मग त्यांना आठवलं की डॉक्टरांचा कागद खाली दिराच्या गाडीतच राहिला, आणि त्या लगबगीने जिना उतरल्या.

खोलीत दोघंच उरले. पॉलिशवाल्या बाईंना त्याने मुद्दामच चहाला पाठवलं होतं. त्याने रंगांची पट्टी उचलली, पांढऱ्यापासून पिवळसरपर्यंत सोळा नकली दात. "तोंड उघडा." माणसाने उघडलं. तो वाकला, बोटाने वरचा ओठ अलगद वर केला, आणि त्याला जाणवलं की माणसाचा श्वास अडकला आहे. माणूस त्याच्या बोटांकडे बघत होता. नाकपुड्या फुगल्या होत्या. "हा वास..." तो ओठ सोडवून म्हणाला, "हा कसला वास?" अजूनही सुटका होती. इथे कामाला येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला हा वास येतो, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. त्याने पट्टी खाली ठेवली. ड्रॉवर ओढला, बाटली काढली आणि टेबलावर, साच्याशेजारी ठेवली. "पट्टीची गरज नाही," तो म्हणाला. "रंग माझ्याकडे आहे."

माणसाने बाटली उजेडाकडे धरली. दीड दात पाण्यात हलले. त्याची जीभ आतून खुंटांवर फिरली, ते गालावरून दिसलं. "हे माझे." "हो." "तुम्ही काढलेत." "हो." "म्हणजे डॉक्टर..." "मी डॉक्टर नाही. कधीच नव्हतो. हेच करतो, सव्वीस वर्षं." माणसाने बाटली खाली ठेवली, फार हळू, जणू ती काठोकाठ भरलेली आहे. "टेम्पोवाला मला उचलत होता." "हो." "तुम्ही नको म्हणालात." "हो." "का?" तीन महिने तो ह्याच प्रश्नाचं उत्तर रचत होता. कणा, मणका, दवाखान्यातला तक्ता, अर्धं बरोबर. त्यातलं एकही तोंडात येईना. "सगळे माझ्याकडे बघत होते," तो म्हणाला. "काहीतरी म्हणायला हवं होतं." हे इतकं लहान होतं, इतकं दरिद्री, की म्हणून झाल्यावर त्याला वाटलं, ह्यापेक्षा खोटं परवडलं असतं. माणूस टाचलेल्या पॅन्टकडे बघत बसला. ओरडेल, कुबडी उचलेल, असं वाटत होतं. त्याने ओरडावं, असंही वाटत होतं. माणूस म्हणाला, "आणि मी तुम्हाला विचारलं होतं, पाय राहील का म्हणून." "हो." "राहील म्हणालात." "हो."

जिन्यावर बाईंची पावलं ऐकू आली, भराभर, दोन्ही. माणसाने मान वर केली. "तिला काही बोलू नका. तिला वाटतं, त्या दिवशी डॉक्टर होता. त्याच्यावर निभावतेय ती. मी हातपाय गाळून बसलो की तेच सांगते मला, डॉक्टर होता, जेवढं वाचायचं तेवढं वाचलं." बाई आत आल्या, धापा टाकत, कागद पुढे केला. "जुळला का रंग?" "जुळला," माणूस म्हणाला. "मघाशी तुम्हाला त्या डॉक्टरांचं सांगत होते ना मी! तुमच्याकडे इतके डॉक्टर लोक येतात जातात, जरा विचारून बघा हो. हे बघतील तर ओळखतील त्यांना. ओळखाल ना हो?" माणसाने त्याच्याकडे पाहिलं. सरळ, दोन हातांवरून, खिडकीतून येणाऱ्या स्वच्छ उजेडात. "नाही," माणूस म्हणाला. "धुकं होतं."

मग माणूस उठायला लागला. टेबलाची कड धरली, एक कुबडी काखेत घेतली, दुसरी घसरून खाली पडली. ती त्याने उचलून दिली, ती माणसाने घेतली. "दात वाकडेच करा," माणूस दाराशी पोचल्यावर म्हणाला, "पूर्वी होते तसे, एकावर एक. ते तुम्ही पाहिलेत. आणि काम झालं की हे बाटलीतले परत द्या मला. तुमच्याकडे नकोत." "देतो," तो म्हणाला. त्याला एकदम जाणवलं की आता सोमवारी काही करायला उरणार नाही. पहिल्या पायरीवर माणूस डगमगला. कुबडीचं रबर निसटलं, अंग पुढे झुकलं, आणि तो धावला, हात पुढे करून, काखेत घालायला, जसा टेम्पोवाल्याने घातला होता. माणसाने कठड्याला धरून तोल सावरला आणि मागे न बघता म्हणाला, हळू आवाजात, बायकोला ऐकू जाणार नाही इतक्या, "तुम्ही नका हात लावू. तिला येऊ द्या." बाई पिशवी खांद्याला अडकवून पुढे झाल्या, नवऱ्याच्या कमरेत हात घातला. जाताना त्या वळल्या आणि हसून म्हणाल्या, "येतो हं, भाऊ. फार बरं वाटलं तुमच्याकडे येऊन." दोन ठक, एक पाऊल. तो हात पुढे केलेला तसाच वरच्या पायरीवर उभा राहिला, एकोणीस पायऱ्या संपेपर्यंत.